पहिलं रोबोट किट घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला किंवा मुलीला प्रोग्राम करता येणारा रोबोट घेऊन द्यायचा आहे, पण खिशाला परवडणारा हवा आणि महिन्याभरात माळ्यावर जायला नको, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. ती अगदी रास्त आहे आणि दोन हजार रुपयांच्या आत पूर्णही होते. खाली दिलेले भाव साधारण आहेत. दुकानागणिक आणि महिन्यागणिक ते थोडे इकडेतिकडे होतात.

प्रोग्राम करता येणारं किट म्हणजे नेमकं काय? रिमोटच्या गाडीलाही लोक रोबोटच म्हणतात.

रिमोटच्या गाडीत कुठे वळायचं हे तुमचा अंगठा ठरवतो. रोबोटला ते आधी लिहून द्यावं लागतं. समोर भिंत दिसली तर थांब, डावीकडे जागा आहे का बघ, असेल तर वळ. त्यासाठी किटमध्ये तीन गोष्टी हव्यात : आजूबाजूचं जाणणारे सेन्सर, प्रोग्राम साठवून चालवणारा मायक्रोकंट्रोलर बोर्ड आणि हालचाल करणाऱ्या मोटर. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, ‘यातला प्रोग्राम पुसून मला माझा टाकता येतो का?’ उत्तर गोलमोल आलं तर ते किट खेळणं आहे असं समजा.

मोबाइलवरून ब्लूटूथने चालणारी गाडी याच्या मध्ये कुठेतरी येते. सुरुवातीला मुलांना ती फार आवडते आणि आवडू द्यावी. पण तिथेही विचार करणारं माणूसच असतं, त्यामुळे सेन्सर जोडायची सोय आहे ना हे बघून घ्या. एक बारकावा : अशा किटमध्ये बहुधा एचसी-०५ हा ब्लूटूथ मॉड्यूल असतो. तो अँड्रॉइड फोनशी बोलतो, आयफोनशी बोलत नाही.

किती पैसे बाजूला काढावेत?

दीड ते दोन हजार रुपये. पहिल्या रोबोटला यापेक्षा जास्त लागत नाही, आणि याहून फार कमीत चांगलं काही होत नाही.

हिशोब असा. केबलसह ऊनो बोर्ड (आर्डुइनोचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्याच्याबद्दल पुढे) ३०० ते ५००. चासिस, म्हणजे अ‍ॅक्रिलिकची पाटी, दोन पिवळ्या बीओ मोटर (बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या मोटर), दोन चाकं आणि पुढचं फिरतं चाक, ३०० ते ४००. मोटर ड्रायव्हर, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर मोटरला वीज देणारी पाटी, १३० ते २००. रेषा ओळखणारे दोन इन्फ्रारेड सेन्सर मिळून १०० च्या आत. अंतर मोजणारा अल्ट्रासोनिक सेन्सर ७० ते १००. छोटी सर्वो मोटर, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून थांबणारी, १०० ते १५०. ब्रेडबोर्ड (वायरी नुसत्या खोचून जोडायची भोकांची पाटी) आणि जंपर वायरी दीडशेच्या आसपास. चार्ज होणारे दोन सेल, त्यांचा होल्डर आणि चार्जर मिळून ४०० ते ५००.

तयार पेटी घेतली तर हेच सामान थोडं महाग पडतं, पण सगळं एकदम हातात येतं आणि कुठला स्क्रू कुठे लावायचा हे कागदावर छापलेलं असतं. ज्यांच्या घरी इलेक्ट्रॉनिक्सची काहीच ओळख नाही त्यांनी हे जादा दोन-तीनशे रुपये खुशाल द्यावेत.

आणखी २००-३०० रुपये असतील तर मल्टिमीटर घ्या. मल्टिमीटर हातात असलेलं मूल ‘चालत नाही’ म्हणून थांबत नाही, कुठे किती व्होल्ट येतायत ते मोजतं. माझ्या मते त्या पेटीतल्या कुठल्याही सेन्सरपेक्षा या डबीची किंमत जास्त आहे.

पण सहाशे-सातशे रुपयांतही ‘रोबोटिक्स किट’ दिसतात. ती का नकोत?

त्यातल्या बऱ्याचशा किटमध्ये मायक्रोकंट्रोलरच नसतो. सेन्सरच्या व्होल्टेजची तुलना करणारी एक छोटी आयसी (चिप) आणि दोन सेन्सर यांवर गाडी रेषेवर धावते. इलेक्ट्रॉनिक्स समजून घ्यायला ती सुरेख आहेत, पण त्यात प्रोग्राम टाकता येत नाही. उरलेल्यांमध्ये बोर्ड असतो, पण सेल, चार्जर आणि केबल वेगळी घ्यावी लागते आणि बेरीज पुन्हा तिथेच येऊन थांबते. जाहिरातीतलं चित्र सोडा, ‘पेटीत काय काय आहे’ ही यादी वाचा.

आर्डुइनो, मायक्रोबिट, ईएसपी३२, रास्पबेरी पाय पिको. यांतलं काय घ्यावं?

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आर्डुइनो २००५ मध्ये इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन संस्थेत सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही वापरता यावा असा स्वस्त बोर्ड, हा त्यामागचा हेतू होता. त्यातला ऊनो २०१० मध्ये आला. आजच्या हिशेबाने त्याची ताकद अगदी मामुली आहे : ३२ किलोबाइट प्रोग्रामची जागा, २ किलोबाइट रॅम, १६ मेगाहर्ट्झ. तरीही पहिल्या रोबोटसाठी मी ऊनोच सुचवतो. तो पाच व्होल्टवर चालतो, आणि बाजारातले बहुतेक स्वस्त सेन्सरही पाच व्होल्टचेच असतात, त्यामुळे सरळ जोडले की चालतात. थोडी चूक सोसतो. आणि काहीही अडलं तरी तीच अडचण आधी कुणाला तरी आलेली असते आणि तिचं उत्तर कुठेतरी लिहिलेलं असतं. नवशिक्याला मेगाहर्ट्झपेक्षा याचा जास्त आधार होतो.

मायक्रोबिट हा बीबीसीच्या उपक्रमातून आलेला बोर्ड. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या साधारण दहा लाख शाळकरी मुलांना तो मोफत दिला गेला. बोर्डावरच २५ दिव्यांची छोटी जाळी, दोन बटणं, हालचाल आणि दिशा कळणारे सेन्सर आहेत. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही आले. एकही वायर न जोडता पहिल्या दहा मिनिटांत काहीतरी चमकतं, हलवलं की बदलतं. आठ-दहा वर्षांच्या मुलांसाठी याला तोड नाही. फक्त बोर्डच दीड-दोन हजारांपर्यंत जातो, आणि मोटर चालवायला वेगळी पाटी लागते, त्यामुळे पूर्ण रोबोटचा खर्च दुपटीने वाढतो.

ईएसपी३२ मध्ये वायफाय आणि ब्लूटूथ आतच आहे, वेग ऊनोच्या कितीतरी पट, आणि किंमत ४०० च्या आसपास. कागदावर हाच सगळ्यात फायद्याचा सौदा. पण तो ३.३ व्होल्टचा आहे. पाच व्होल्टच्या सेन्सरकडून येणारा सिग्नल थेट जोडला तर बोर्डाची पिन (वायर जोडायची जागा) खराब होऊ शकते. मध्ये दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज कमी करावं लागतं. शिवाय त्याचे रुंद बोर्ड साध्या ब्रेडबोर्डवर बसवले की बाजूला वायर घालायला भोकंच उरत नाहीत. नववी-दहावीच्या पुढच्या, थोडी ओळख असलेल्या मुलांनी तो जरूर घ्यावा. दुसरा बोर्ड म्हणून तर तो उत्तमच.

पिको २०२१ च्या जानेवारीत आला, चार डॉलरला. पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायची असेल तर तो छान आहे. घेताना पिना आधीच जोडलेल्या आहेत ना हे बघा, नाहीतर पहिल्याच दिवशी चाळीस ठिकाणी सोल्डरिंग (कथील वितळवून जोड देणं) करायची वेळ येते.

ओरिजिनल आर्डुइनो घ्यावा की स्वस्तातला?

आर्डुइनोने आपल्या बोर्डाचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला आहे, त्यामुळे दुसऱ्याने तसा बोर्ड बनवून विकणं गैर नाही. दुसऱ्याने बनवलेल्या बोर्डावर आर्डुइनोचं नाव आणि चिन्ह छापणं मात्र गैर आहे. ओरिजिनल ऊनो दोन हजारांच्या आसपास जातो, म्हणजे आपलं सगळं बजेट एकट्या बोर्डातच संपतं. शिकण्यासाठी स्वस्तातला चालतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वस्त बोर्डात यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते. संगणकाला बोर्ड दिसत नसेल तर संगणकात तिचा ड्रायव्हर, म्हणजे तिला ओळखणारं सॉफ्टवेअर, टाका. दुसरं, शक्यतो असा ऊनो घ्या ज्यात मुख्य चिप लांबट असून सॉकेटमध्ये बसवलेली आहे. जळलीच तर तेवढी उपटून नवी बसवता येते. नवी घेताना बूटलोडर (यूएसबीवरून आपला प्रोग्राम आत घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेली मागा.

मूल किती मोठं असावं?

वयापेक्षा सवय बघा. स्क्रू लावायला आवडतं का, एखादी गोष्ट बिघडली तर पुन्हा बसायची तयारी आहे का? साधारणपणे तिसरी-चौथीपासून पडद्यावरचे ठोकळे जोडून केलेलं प्रोग्रामिंग जमतं, त्यांना मायक्रोबिट द्यावा. सहावी-सातवीपासून ऊनो आणि सुट्या वायरी झेपतात. तिसरीहून लहान मुलांना किट देऊ नका. संगणकावर स्क्रॅच हे ठोकळ्यांनी प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर द्या, ते फुकट आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये ते मुलांसाठीच आणलं.

मोठ्यांनी संकोचाचं कारण नाही. आयटीआयचे विद्यार्थी, शिक्षक, निवृत्त झालेले आजोबा, सगळ्यांसाठी सुरुवात तीच.

आमची मुलं मराठी माध्यमात आहेत. इंग्रजीमुळे अडेल का?

अडत नाही. सुरुवातीच्या प्रोग्राममध्ये लागणारे इंग्रजी शब्द वीस-पंचवीसच असतात : इफ, एल्स, हाय, लो, डिले, इनपुट, आउटपुट. ते सात-आठ दिवसांत डोळ्यांना सवयीचे होतात. अडचण असते ती पुस्तिकेतल्या इंग्रजीची, आणि तिथे मोठ्या माणसाने शेजारी बसून वाचून दाखवलं तर भागतं.

एक सवय आवर्जून लावा. आर्डुइनोच्या प्रोग्राममध्ये दोन तिरक्या रेघा काढल्या की त्यापुढचं त्या ओळीतलं काहीही बोर्ड वाचत नाही, ते आपल्यासाठी असतं. तिथे देवनागरीत लिहिता येतं. प्रत्येक ओळीपुढे ‘डावी मोटर पुढे’, ‘अर्धा सेकंद थांब’ असं मुलांना मराठीत लिहू द्या. जे स्वतःच्या भाषेत लिहिता आलं ते समजलं, हे तिथल्या तिथे कळतं. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात आर्डुइनोची मालिका आहे, आणि प्रकल्पातले बरेच धडे मराठीसह भारतीय भाषांत मोफत मिळतात.

घरी लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे.

तरीही सुरुवात होते. मायक्रोबिटचं स्वतःचं अ‍ॅप आहे आणि ते ब्लूटूथने प्रोग्राम पाठवतं. ऊनोसाठी अँड्रॉइड फोनवर आर्डुइनोड्रॉइडसारखी अ‍ॅप आहेत. फोनला ओटीजी जोडणी (फोनमध्ये यूएसबी केबल खोचायचा छोटा तुकडा) लावून यूएसबी केबलने बोर्ड जोडायचा. छोट्या पडद्यावर टाइप करताना दमछाक होते हे खरं. शाळेच्या संगणक कक्षात आठवड्यातून तासभर मिळाला तर मागा. नवा लॅपटॉप केवळ यासाठी घेऊ नका, दहा वर्षांपूर्वीचा जुना संगणकही ऊनोला पुरतो.

पैसे घालण्याआधी फुकट करून बघता येईल का?

जरूर बघा. टिंकरकॅड या मोफत संकेतस्थळावर पडद्यावरच ऊनो, दिवे, मोटर, सेन्सर जोडून प्रोग्राम चालवता येतो. वोकवी या तशाच संकेतस्थळावर ईएसपी३२ सुद्धा मिळतो. मायक्रोबिटचे प्रोग्राम ठोकळ्यांनी करायच्या मेककोड पानावर बोर्डाचं चालतं-बोलतं चित्र असतं. दोन आठवडे हे करून मूल स्वतःहून पुन्हा पुन्हा तिकडे जात असेल, तर किटचे पैसे कारणी लागतील.

पेटीत चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी आली आहे. ती चालेल ना?

मोटरसाठी नाही. आणि या एका गोष्टीपायी कितीतरी मुलांचा उत्साह पहिल्याच संध्याकाळी मावळतो, म्हणून नीट सांगतो.

त्या बॅटरीच्या आत दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल एकापुढे एक बसवलेले असतात. घड्याळाला किंवा मल्टिमीटरला लागतो तेवढा थोडा प्रवाह ती व्यवस्थित देते. मोटर सुरू होताना एकदम मोठा प्रवाह ओढते. बॅटरीला तो देता येत नाही, व्होल्टेज झपकन खाली येतं आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बाहेरून दिसतं असं : रोबोट अर्धा इंच पुढे सरकतो, दिवा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा सरकतो. मूल प्रोग्राम तपासत बसतं. प्रोग्राम बरोबर असतो! मल्टिमीटर बॅटरीला लावला तर तो नऊ व्होल्ट दाखवतो, कारण त्या वेळी मोटर चालू नसते. मोटर चालू असताना मोजा म्हणजे खरं काय ते दिसेल.

यावर दोन उपाय आहेत. चार्ज होणारे सहा पेन्सिल सेल घ्या. प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे ७.२ व्होल्ट होतात. नाहीतर १८६५० या मापाचे दोन लिथियम सेल, ७.४ व्होल्ट. लहान मुलांसाठी पहिला पर्याय बिनधोक.

लिथियम सेल धोक्याचे आहेत का?

नीट वापरले तर नाहीत, पण त्यांना हलक्यात घेऊ नका. होल्डरशिवाय सुटे खिशात किंवा दप्तरात ठेवू नयेत. नाणं किंवा किल्ली टोकांना लागली तर सेल भयंकर तापतो. त्यांच्यासाठीच बनवलेल्या चार्जरवरच चार्ज करा, आणि तेही मोठं माणूस घरात जागं असताना. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. तीनच्या खाली गेला की वापर थांबवा. आवरण फाटलेला, फुगलेला सेल पुन्हा लावू नका.

आणि सेलवर ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, सेलच्या क्षमतेचं माप) असं छापलेलं दिसलं तर तो घेऊच नका. या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास असते. आकडाच खोटा असेल तर आतल्या मालाची खात्री कोण देणार?

मोटर थेट बोर्डाला का जोडायची नाही?

ऊनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअर घेणं योग्य, ४० ही शेवटची मर्यादा. बीओ मोटर रिकामी फिरतानाही याच्या काही पट घेते, आणि चाक अडकलं तर आणखी कितीतरी. म्हणून बोर्डाने फक्त हुकूम सोडायचा आणि ड्रायव्हरने बॅटरीतली ताकद मोटरला द्यायची.

किटमध्ये बहुधा लाल रंगाचा एल२९८एन असतो. दणकट आहे, पण जुन्या पद्धतीचा. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो आणि त्याची उष्णता करतो. ७.४ व्होल्टच्या बॅटरीतून मोटरला साडेपाचच्या आसपास पोचतात, ते पुरतात. पण चार साध्या सेलच्या सहा व्होल्टवर मोटरला जेमतेम चार उरतात आणि रोबोट रांगतो. टीबी६६१२ हा नवा ड्रायव्हर यापेक्षा खूप कमी वाया घालवतो. किटमध्ये तो असेल तर चांगलं लक्षण समजा, पैसे विचार करून लावले आहेत.

‘३७ सेन्सरचं किट’, ‘शंभर प्रयोगांचं किट’. असं मोठं किट जास्त फायद्याचं नाही का?

नाही. त्यातले तीस सेन्सर बहुतेक घरांत पिशवीतून बाहेर येत नाहीत. रेषा, अंतर आणि एखादा प्रकाशाचा सेन्सर, एवढ्यावर काही महिने काम निघतं. लागेल तसा एकेक सुटा सेन्सर आणला तर तो कशासाठी आणलाय हे मुलाला माहीत असतं, आणि मग तो चालवल्याशिवाय ते स्वस्थ बसत नाही.

पुस्तिकेतले प्रयोग पहिल्या महिन्यात संपतात. किटची परीक्षा दुसऱ्या महिन्यात सुरू होते. मुलाने स्वतः काही ठरवलं तर या सामानात ते करता येतं का? तुटलेला भाग बाजारात सुटा मिळतो का? चौकोनी बंद डब्यातलं, स्वतःच्याच वेगळ्या पिना असलेलं किट इथे नापास होतं. एक मोटर गेली की सगळंच बसतं.

लेगोचं काय? नातेवाईक परदेशातून पाठवायचं म्हणतायत.

लेगोच्या भागांचा दर्जा फार वरचा आहे, आणि मोटर, गिअर, रचना शिकण्यासाठी ते विलक्षण साधन आहे. परवडतं त्यांच्यासाठी. पण त्यांची माइंडस्टॉर्म्स ही रोबोटची मालिका १९९८ मध्ये सुरू झाली आणि २०२२ अखेर बंद झाली. शाळांसाठी त्यांनी स्पाइक हा संच काढला, आणि त्याची किंमत आपल्या बजेटच्या अनेक पट आहे.

काकांकडे किंवा आत्याकडे मुलांनी वापरून ठेवलेला माइंडस्टॉर्म्सचा जुना ईव्ही३ संच असेल तर आनंदाने घ्या. तो सहा पेन्सिल सेलवर चालतो, आणि मेककोड, पायथन अशा मोफत मार्गांनी अजून प्रोग्राम करता येतो. नवं विकत घेऊन पाठवणार असतील तर त्यांना सांगा, त्या पैशांत गावातल्या शाळेला दहा ऊनो किट येतील.

सोल्डरिंग करावं लागतं का?

थोडं. बीओ मोटरच्या पत्र्याच्या टोकांना दोन-दोन वायरी. ‘वायर जोडलेल्या मोटर’ मागितल्या तर तेही वाचतं. गल्लीतला टीव्ही किंवा मोबाइल दुरुस्त करणारा चार जोड पाच मिनिटांत लावून देतो, आणि मुलं कसं करायचं ते बघून घेतात.

दोन चाकी घ्यावा की चार चाकी?

दोन चाकी. चार मोटर म्हणजे दुप्पट वीज, दुप्पट वायरी, आणि गुळगुळीत फरशीवर वळताना चाकं घासत जातात. हाताच्या रोबोटचा तर सुरुवातीला विचारही नको. स्वस्त सर्वो थरथरतात आणि मुलांना वाटतं चूक आपली आहे.

पहिला रोबोट कोणता बनवावा?

रेषेवर चालणारा. दोन सेन्सर पुढे, जमिनीपासून साधारण एक सेंटिमीटर वर, रेषेच्या दोन्ही बाजूंना. पांढऱ्या पृष्ठभागावरून इन्फ्रारेड प्रकाश परत येतो, काळी रेघ तो गिळते. दोन्ही सेन्सरना पांढरं दिसतंय, सरळ जा. डाव्याला काळं दिसलं, डावीकडे वळ. उजव्याला दिसलं, उजवीकडे. दोघांनाही काळं, थांब. एवढी चार वाक्यं आधी वहीत लिहून घ्या, मग प्रोग्राम करा.

रेघेसाठी इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी उत्तम. शहाबादी फरशीवर हा रोबोट भरकटतो, कारण फरशीच काळपट. जुन्या फ्लेक्सची मागची बाजू पांढरी असेल तर ती अंथरा. मोठा, सुरकुत्या न पडणारा, फुकटचा ट्रॅक होतो. खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा ओढा, उन्हातही इन्फ्रारेड असतं आणि सेन्सर फसतो. सेन्सरवरचा छोटा निळा स्क्रू फिरवून संवेदनशीलता त्या जागेपुरती जुळवावी लागते. जागा बदलली की पुन्हा जुळवायची.

हे जमलं की अडथळे चुकवणारा. त्यात एचसी-एसआर०४ सेन्सर वापरतात. तो माणसाला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी यायला किती वेळ लागला ते सांगतो. सेंटिमीटरमागे जाऊन-येऊन ५८ मायक्रोसेकंद, हा भागाकार मुलांनाच करू द्या. मग त्याच्यासमोर भिंत, उशी, लोंबता पडदा असं एकेक धरून बघा. उशी आवाज शोषते आणि रोबोट तिच्यावर सरळ जाऊन आदळतो. का आदळला, यावर आमच्याकडे जेवढी चर्चा रंगते तेवढी धड्यातल्या कुठल्याही प्रश्नावर रंगत नाही.

सगळं जोडलं, पण चालत नाही. किट खराब आहे का?

बहुतेक वेळा नसतं. या क्रमाने बघा. बॅटरी, मोटर चालू असताना मोजून. मग ग्राउंड : बोर्ड, ड्रायव्हर आणि बॅटरी तिघांचे ऋण टोक एकमेकांना जोडलेले हवेत. नवशिक्यांकडून सर्वांत जास्त राहून जाणारी वायर हीच. मग सॉफ्टवेअरमध्ये योग्य बोर्ड आणि पोर्ट निवडलाय का. मायक्रोबिट किंवा ईएसपी३२ असेल तर केबल बदलून बघा, काही केबलमधून फक्त चार्जिंग होतं, माहिती जात नाही. ऊनोवर प्रोग्राम चढत नसेल आणि ब्लूटूथ शून्य-एक पिनांवर जोडलेलं असेल तर ते काढून पुन्हा पाठवा.

एक चाक उलटं फिरत असेल तर त्या मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. रोबोट सरळ सोडला तरी एका बाजूला ओढत असेल तर तो दोष नव्हे. स्वस्तातल्या दोन मोटर कधीच तंतोतंत सारख्या नसतात. जलद चाकाचा वेग प्रोग्राममधून थोडा कमी करा.

कुठून घ्यावं?

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं. जमत असेल तर मुलाला घेऊन जा. यादी त्याच्या हातात द्या आणि त्यालाच मागू द्या. इतर गावांतून ऑनलाइन मागवणं सोपं. तिथे किटचं नाव सोडून आतल्या बोर्डाचं, ड्रायव्हरचं आणि मोटरचं नाव वाचा. नावंच दिलेली नसतील तर पुढे जा. दोन मोटर आणि मूठभर वायरी जास्तीच्या मागवा, टपालखर्च तोच लागतो.

शाळेत चाळीस मुलांसाठी किती किट लागतील?

तिघांत एक. पाच जणांत एक दिलं की दोघं करतात आणि तिघं बघतात. आणि गटात कोण काय करतंय यावर लक्ष असू द्या. स्क्रूड्रायव्हर मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात, अशी वाटणी न सांगता होऊन जाते. दर तासाला कामं फिरवा. वायरी जोडणं, प्रोग्राम लिहिणं, मोजणं, नोंद ठेवणं, सगळ्यांनी सगळं करायचं.

नवी खरेदी करण्याआधी जवळच्या कुठल्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे का याची चौकशी करा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनखाली २०१६ पासून सहावी ते बारावीसाठी या प्रयोगशाळा सुरू झाल्या. निवडलेल्या शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली आहे. ज्या लॅबचं कुलूप सामान तुटेल या भीतीने बंद राहतं तिथल्या मुख्याध्यापकांना भेटा, शनिवारी दोन तास उघडायची विनंती करा. सामान पडून खराब होण्यापेक्षा मुलांच्या हातून तुटलेलं बरं.

‘एआय रोबोट’ म्हणून विकतात ते घ्यावं का?

पहिलं किट म्हणून नको. आवाजावर चालणाऱ्या स्वस्त किटमध्ये आवाज बहुधा तुमचा फोन ओळखतो आणि रोबोटला फक्त एक अक्षर पाठवतो. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी जादा पैसे देऊ नका. ऊनो, ब्लूटूथ आणि मोफत अ‍ॅप यांत तेच होतं.

किट वापरून झालं, मुलाचं लक्ष दुसरीकडे गेलं. आता?

सुटं करून ठेवा. तोच ऊनो मातीचा ओलावा मोजून कुंडीला पाणी सोडू शकतो, तीच सर्वो मांजराच्या खाण्याच्या डब्याचं झाकण उघडू शकते. घरात उपयोग नसेल तर यादीसकट एखाद्या शाळेला द्या. महिनाभर वापर होणार नसेल तर सेल होल्डरमधून काढा. निकामी झालेल्या लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून ते ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, ओल्या-सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. घंटागाडीत ते दाबले जाऊन पेटू शकतात.